वळणावरचा आवाज

कांबळे सरांच्या शर्टाच्या खिशात खडूबरोबर रबराची एक वीतभर नळी असायची. विज्ञानाचे सर, तेव्हा नळी प्रयोगशाळेतलीच असणार, असं नव्यानं आलेल्या शिक्षकांना वाटायचं. मलाही वर्षभर तसंच वाटत होतं. मग एकदा मधल्या सुट्टीत ते शाळेच्या शिपायाच्या मोपेडशेजारी उकिडवे बसलेले दिसले. नळीचं एक टोक इंजिनापाशी, दुसरं स्वतःच्या कानात आणि डोळे गच्च मिटलेले. मी विचारलं, "सर, काय चाललंय?" तर डोळे न उघडताच हात वर करून त्यांनी मला गप्प केलं. बऱ्याच वेळानं म्हणाले, "बाई, आधी ऐकायचं, मग बोलायचं. तुमी मराठी शिकवणारी माणसं उलटं करता."

मला राग आला. मी तशी लवकर रागावते. पण शिपायाची मोपेड त्या दिवशी सुरू झाली आणि आमची मैत्रीही तिथूनच सुरू झाली, भांडणातून.

हा माणूस जग कानानं बघायचा. फळ्यावर लिहिताना वर्गाकडे पाठ असली, तरी म्हणायचा, "शेवटच्या बाकावरच्या, चिंच थुंक." मुख्याध्यापकांची स्कूटर फाटकातून आत आली की शिक्षकखोलीत पेपर तपासता तपासता सांगायचा, "साहेब आज घरात भांडून आल्यात. गिअर बघा कसा टाकला." आणि बहुतेक वेळा ते खरंच निघायचं. स्वतःचा आवाज मात्र असा, की सर आठवी 'अ'ला शिकवत असले तर आठवी 'ब'लाही ऑक्सिजन तयार करता यायचा. मी शेजारच्या वर्गात कविता शिकवत असायचे. हळव्या ओळीवर आले की भिंतीपलीकडून "तापवा! अजून तापवा!" असं ऐकू यायचं.

आमची घरं एकाच कॉलनीत, समोरासमोर. कोल्हापूरच्या अगदी कडेला, खाली पिठाच्या गिरणीपाशी वळण आणि तिथून आमच्या दारापर्यंत चढ. सरांच्या घरात तीन माणसं. सर, त्यांचे वडील तात्या आणि आई, जिला सगळी कॉलनी आक्का म्हणायची. सरांनी लग्न केलं नव्हतं. कुणी विषय काढला तर म्हणायचे, "आमची जोडी जुळवायला कुणाला सवड न्हाय. मला बी न्हाय."

बाहेरच्या खोलीत तथागताची तसबीर होती आणि तिच्या खाली एक जुना फोटो. फोटोत दोन सीटची, टप नसलेली विलायती गाडी आणि तिच्याशेजारी, टोपी काखेत धरून, ताठ उभे असलेले तरुण तात्या. तात्या एका जहागीरदारांकडे ड्रायव्हर होते. या सरकारांना वेगाचं वेड होतं, पण स्वतः चालवायची भीती. म्हणून तात्यांनी गाडी पळवायची आणि सरकारांनी शेजारी डोळे मिटून बसायचं. बंगल्यामागच्या खोलीत आक्का आणि लहान अशोक, म्हणजे आपले सर, राहायचे. सर मला एकदा म्हणाले होते, "त्या गाडीत मी एकदाबी बसलो न्हाय, बाई. दोनच सीटा, आन् दोन्ही भरलेल्या." हे त्यांनी हसत सांगितलं, पण माझ्याकडे न बघता.

पुढं सरकार गेले, तात्या निवृत्त झाले, जहागिरीचं व्हायचं ते झालं. नव्वद सालानंतर कधीतरी सरकारांच्या नातवंडांनी बंगल्याच्या आवारात मंगल कार्यालय काढायचं ठरवलं. गॅरेजच्या जागी पंगती बसणार होत्या. आत ती हिरवी गाडी गुळाच्या ढेपांच्या रिकाम्या पोत्यांखाली पडून होती. नातवंडांनी निरोप धाडला, की तात्यांना हवी असेल तर घेऊन जा, नाहीतर भंगारात जाईल. सर आठवी-नववीची दांडगी पोरं घेऊन गेले आणि ती गाडी ट्रॅक्टरमागे बांधून आणली. वळणावरच्या चढाला पोरांनी मागून खांदे लावले होते. आक्का दारात उभी राहून म्हणाली, "आता माझ्या मिरच्या कुठं वाळत घालू?" अंगण तिचं होतं आणि ते गेलं होतं.

वर्षभर सर त्या गाडीखाली झोपलेले असायचे. शेवटी एका रविवारी ती सुरू झाली. कॉलनी गोळा झाली. पेढ्यांचा पुडा फुटला. सरांनी तात्यांना हाताला धरून आणलं आणि खुर्चीवर बसवलं. काचबिंदूनं तात्यांची नजर तोवर गेली होती. इंजिन घरघरू लागलं, आम्ही टाळ्या वाजवल्या. तात्या मान कलती करून ऐकत राहिले. मग म्हणाले, "गाडी झ्याक झालीया, अशोक. खरं, ही ती न्हवं."

"तात्या, तीच हाय की! नंबर बी तोच हाय."

"नंबर आसंल. तिला दोन कार्बोरेटर व्हते. ही सर्दी झाल्यागत एका नाकपुडीनं श्वास घ्यायलीया. ती दोन्ही नाकपुड्या फुलवून यायची."

सरांनी इंजिन बंद केलं. पेढ्याचा पुडा बॉनेटवर ठेवला आणि ते पायरीवर बसले. चौकशीअंती कळलं ते असं. तात्या निवृत्त झाल्यावर कुणीतरी ते दोन्ही कार्बोरेटर काढून टाकले होते. दोघांना सारखी हवा, सारखं पेट्रोल पोचवत ठेवणं हा रोजचा कुटाणा. एक जास्त ओढतो, दुसरा मागं राहतो आणि गाडी आचके देते. म्हणून त्यांच्या जागी टॅक्सीचा एक कार्बोरेटर ठोकून दिला होता. ज्यावर ती जोडी बसायची, तो दोन तोंडांचा नळ मात्र डिकीत गोणपाटाखाली सापडला. सरांनी तो पुसून पुसून लखलखीत केला आणि तात्यांच्या हातात दिला. तात्यांनी दोन्ही भोकांतून बोट फिरवलं आणि एवढंच म्हणाले, "व्हय. हितंच."

त्या दिवसापासून सरांना एकच ध्यास लागला. जोडी मिळवायची, बसवायची आणि तात्यांच्या तोंडून 'हीच ती' एवढं ऐकायचं. तात्यांचे कान शाबूत होते, पण वय ऐंशीच्या पलीकडं गेलं होतं. म्हणजे घाई होती, हे सरांना माहीत होतं आणि आम्हालाही.

मग रविवार आला की सर शबनम पिशवी खांद्याला लावून एस.टी. स्टँडवर. सांगली, बेळगाव, पुणे, जिथं जुनं लोखंड तिथं सर. भंगारवाल्याच्या ढिगाऱ्यापुढं उभं राहून वर्गातल्याच आवाजात विचारायचं, "पावणं, जोड कार्बोरेटर हाईत काय?" एका वर्षी शाळेची सहल त्यांनी वारणानगरला नेली. मी बरोबर होते. साखर कारखाना झाला, दूध संघ झाला, आणि सर गायब. कारखान्याच्या गाड्या दुरुस्त होतात त्या शेडमध्ये ते सापडले, एका म्हाताऱ्या फिटरशी गप्पा मारत. तोवर वेळ काढायला मी मुलांना पुन्हा दूध संघात नेलं. त्या वर्षीच्या आठवीनं तूप कसं होतं ते दोनदा पाहिलं. परतीच्या बसमध्ये मी सरांशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

एकदा पुण्याहून ते टॅक्सी करून आले. एस.टी.नं आणायला मन धजेना म्हणून. फडक्यात गुंडाळलेले दोन कार्बोरेटर. कॉलनीभर ओरडत फिरले. संध्याकाळी मी बघायला गेले तर हे पायरीवर बसलेले, दोन्ही हातांत एकेक, आणि चेहरा उतरलेला.

"काय झालं?"

"बाई, दोन्ही उजव्या पायाच्या चपला घिऊन आलो."

जोडीतला एक उजवा असतो आणि एक डावा, एकमेकांकडं तोंड करून बसणारे. सरांनी आणलेले दोन्ही उजवेच होते. नळावर धरले की एकाचं पेट्रोलचं भांडं दुसऱ्याच्या पोटात घुसत होतं. अख्ख्या कोल्हापुरात चपलेचा डावा-उजवा पाय अंधारातही ओळखणारी माणसं आम्ही, आणि विज्ञानाचे सर आनंदाच्या भरात ते बघायचंच विसरले होते. आत तात्या खो खो हसत होते. "आरं, उजव्या अंगाला शिकलेला बैल डावीकडं जुपला तर गाडी वढ्यात घालतो. डावा बग, डावा." आक्का चहा घेऊन बाहेर आली. तिनं एकदा लेकाकडं पाहिलं, एकदा त्या दोन वस्तूंकडं, आणि काही न बोलता कप ठेवून गेली. ती अशीच. घरात सगळं बोलणं बापलेकांचं, आणि आवाज तिचा एकच, भाकरी थापायचा.

डावा शेवटी कुरुंदवाडला सापडला. नदीकाठच्या एका शेतकऱ्यानं, सगळे त्यांना अण्णा म्हणायचे, तो जुन्या पेट्रोलच्या पंपाला लावला होता आणि त्यावर त्यांची अर्धी वांगी भिजायची. अण्णा म्हणाले, "तुमची गाडी चालंल, माझं पाणी बंद पडंल. कसं जमायचं, सर?" सरांनी दिवाळीची सुट्टी तिथं काढली. शेतातल्या खोपटात राहिले, दुसरा एक कार्बोरेटर त्या पंपाला जुळवला, पाणी पहिल्याइतकंच जोरात पडतंय हे अण्णांना पटलं तेव्हा डावा हातात पडला. सोबत अण्णांनी पाटीभर वांगीही दिली. सर घरी आले ते भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी. कार्बोरेटरच्या आत कृष्णेचा गाळ होता. तात्यांनी तो चाचपला आणि म्हणाले, "लवकर कर आता."

तात्या तोवर अंथरुणाला खिळले होते. पाण्यात आणि वाळूत वर्षं काढलेल्या त्या डाव्याच्या आतल्या दांडीचं भोक झिजून मोठं झालं होतं. तिथून फुकटची हवा आत शिरायची आणि मग कितीही जुळवा, जोडी जुळत नाही. तिथं भोकात बसवायच्या बारीक कड्या, म्हणजे बुश, हवे होते, केसाइतके नेमके. शहरातल्या कारखान्यांना असलं चिमुकलं काम नको होतं. सरांच्या वर्गातल्या एका मुलीचे वडील हुपरीला पैंजण घडवायचे. सर त्यांच्याकडं गेले. ते म्हणाले, "करतो की. खरं, पितळ न्हाय आमच्यात. चांदी चालंल?" सर घरी येऊन तात्यांच्या कानाशी ओरडले, "तात्या, तुमच्या बैलाला चांदीचं पैंजण घालायलोय!" तात्या हसले. मग दर दोन-तीन दिवसांनी विचारायचे, "आला का रं बैल?" लग्नसराई होती, हुपरीला कामाचा डोंगर होता. सर म्हणायचे, "येतोय, तात्या. वाटंवर हाय."

एका दुपारी आक्का पाणी घेऊन गेली तेव्हा तात्या गेलेले होते. सर नववी 'क'च्या वर्गावर होते. निरोप घेऊन मीच वर्गाच्या दारात गेले. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि मी बोलायच्या आत हातातला खडू खिशात ठेवला. नेहमीसारखं ऐकून त्यांना आधीच कळलं होतं, कदाचित माझ्या चपलांच्या आवाजावरून.

तात्यांच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला हुपरीचे ते गृहस्थ आले. वंदना झाली, जेवणं झाली. जाताना त्यांनी खिशातून सराफी गुलाबी कागदाची पुडी काढली आणि खाली मान घालून सरांच्या हातात ठेवली. आत चांदीचे बुश होते. "आठ दिस आधी दिलं असतं तर," एवढं म्हणून ते रडायला लागले. उलट सरांनीच त्यांना धरलं.

पुडी, दोन कार्बोरेटर आणि तो नळ एका खोक्यात घालून सरांनी माळ्यावर टाकले. खिशातली नळी दिसेनाशी झाली. वर्गातला आवाज इतका उतरला, की आठवी 'ब'चा ऑक्सिजन बंद पडला. मला माझ्या कविता निवांत शिकवता येऊ लागल्या आणि ते मला अजिबात आवडलं नाही. वर्ष असंच गेलं. मग उन्हाळ्याच्या सुट्टीत एकदा आक्काच म्हणाली, "बसीव की ते. माळ्यावर पसारा झालाय." सर म्हणाले, "कुणासाठी?" ती म्हणाली, "गाडीसाठी."

त्यांनी बसवले. मग नळी पुन्हा बाहेर आली. एका कार्बोरेटरच्या तोंडाशी धरायची, आत शिरणाऱ्या हवेचा फुस्स आवाज ऐकायचा, मग दुसऱ्याच्या तोंडाशी. स्क्रू तसूभर फिरवायचा. पुन्हा ऐकायचं. दोघांचा श्वास एक होईपर्यंत. मला एकदा ऐकवलं. खरंच, डाव्याचा कुठला नि उजव्याचा कुठला, मला सांगता आलं नाही. मी म्हटलं, "झालं की सर! आता तरी थांबा."

त्यांनी बॉनेटवर हात टेकले. "श्वास जुळला, बाई. खरं, हीच का ती? मी लहान व्हतो, मला नीट ध्यानात न्हाय. ज्यांना ठावं व्हतं ते सरकार आन् तात्या, दोघं बी गेलं. आता कोण सांगणार?"

सर रोज स्क्रू फिरवत राहिले. आवाज आज थोडा जाड, उद्या थोडा पातळ. येईल त्याला विचारायचे, "कसा वाटतोय?" लोक म्हणायचे, लई भारी, नाद खुळा. सर मान हलवायचे आणि पुन्हा वाकायचे. ज्याची ओळखच पटवून घेता येत नाही असं काहीतरी शोधणाऱ्या माणसाकडं बघणं फार अवघड असतं. मी खिडकी लावून घ्यायचे.

गाडी अंगणातच सुरू व्हायची आणि अंगणातच बंद. पटल्याशिवाय ती रस्त्यावर न्यायची नाही, असा सरांचा हट्ट. तो मोडला तो मिरच्यांनी. मे महिना सरत आलेला, कांदा-लसूण चटणीसाठी आक्कानं पोतंभर मिरच्या आणलेल्या, आणि अंगणात गाडी. त्या सकाळी ती कधी नव्हे ती चढ्या आवाजात म्हणाली, "अशोक, त्यो डबा हितनं हलीव. ऊन जाईल माझं. एक चक्कर मारून ये कुठंतरी." सर कुरकुरत निघाले. रंकाळ्याला जाऊन चाकांत हवा भरून आणतो, म्हणाले. मी मिरच्या पसरायला मदत करायला गेले होते. ते काम आटोपून आम्ही स्वयंपाकघरात बसलो. ती तांदूळ निवडत होती, मी माझ्या सुनेच्या तक्रारी सांगत होते.

आणि लांबून, गिरणीच्या वळणाकडून तो आवाज आला. चढ लागला, सरांनी गिअर बदलला, इंजिनानं दीर्घ श्वास घेतला आणि एक भरदार, खोल आवाज चढावरून वर येऊ लागला. मी बोलतच होते. आक्काचा हात सुपात थांबला. ती उठली. शेगडी पेटवली. तवा ठेवला. परातीत पीठ घेतलं आणि त्यात पाणी ओतलं.

"आक्का, अहो, आत्ता कुठं दहा वाजतायत," मी म्हटलं.

ती एकदम थबकली. पिठानं भरलेल्या आपल्या हातांकडं बघत राहिली. मग तशीच बाहेर गेली आणि मी तिच्या मागं. सर गाडी दारात आणून किल्लीला हात घालत होते.

"बंद करू नगंस," आक्का म्हणाली.

सरांचा हात तसाच राहिला.

"हीच ती. ह्योच आवाज. बंगल्याच्या चढाला ह्यो आला की मी तवा ठेवायची. तुजा बा हातपाय धुवून बसूस्तवर पयली भाकरी फुगायची."

सर तिच्याकडं बघतच राहिले. "आई, मग इतकी वर्सं बोलली का न्हाईस?"

"अंगणात नुसतं गुरगुरतंय, त्यात मला काय कळणार? मी त्याला कवा उभं ऱ्हायलेलं ऐकलंच न्हाई. येतानाच ऐकलंय. आन् मला कुणी इचारलं?"

सरांनी स्टिअरिंगवर डोकं टेकलं. त्यांचे खांदे हलत होते. आक्कानं पिठाचा हात त्यांच्या डोक्यावर ठेवला. गाडी चालूच होती. आत तवा तापून धुरायला लागला तेव्हा मी धावत गेले आणि शेगडी बंद केली.

त्यानंतर सरांनी त्या जोडीला हात लावला नाही. नळी शिपायाला देऊन टाकली. रोज शाळा सुटली की गाडी काढून खालच्या वळणापर्यंत जायचं आणि परत यायचं, एवढाच त्यांचा प्रवास. मी माझ्या खिडकीत चहा पीत असायचे. आधी तो आवाज चढावरून यायचा आणि मग समोरच्या घरातून भाकरी थापल्याचा. सरांनी किती वेळा म्हटलं, आई, तू बस की शेजारी. ती म्हणायची, "मी गाडीत बसली तर घरात ऐकणार कोण?"

मी निवृत्त झाले आणि मुलाकडं पुण्याला गेले. मधल्या काळात आक्का गेल्याचं फोनवर कळलं. मला जाता आलं नाही. पुढं एका लग्नासाठी कोल्हापूरला गेले तेव्हा कॉलनीत वाकडी वाट करून गेले. सरही निवृत्त झाले होते. केस पांढरे, आवाज मात्र तसाच. "बाई! चला, बसा, तुम्हाला रंकाळा दाखवतो," म्हणाले, जणू मी रंकाळा कधी पाहिलाच नव्हता. दाराला कुलूप लावलं. इतक्या वर्षांत मी प्रथमच त्या दुसऱ्या सीटवर बसले. ती फार खाली होती आणि वारा तोंडावर येत होता. तळ्याला एक फेरी मारून, दिवे लागायच्या सुमाराला, आम्ही परत फिरलो.

गिरणीपाशी वळण आलं. सरांनी गिअर बदलला. गाडीनं दोन्ही नाकपुड्या फुलवून श्वास घेतला, आणि मला त्या क्षणी पहिल्यांदाच कळलं, तात्या कशाबद्दल बोलत होते. मी ते सांगायला सरांकडं वळले, तर त्यांनी मान कलती केली होती, वरच्या बाजूला, घराकडं. डोळे रस्त्यावर होते, पण कान तिकडं. ते ऐकत होते.

मीही गप्प राहिले. आधी ऐकायचं, मग बोलायचं.

गाडी दारात थांबली. कुलूप तसंच होतं. सरांनी इंजिन बंद केलं आणि किल्ली खिशात टाकत म्हणाले, "चला बाई. चहा मीच टाकतो."